दूधवाल्याच्या सायकलवर

६ मार्च

सूनबाई वंदनानं ही डायरी दिली. तिच्या ऑफिसात फुकट मिळते, वरून कोण्या पतसंस्थेचा गणपती छापला आहे. म्हणे, "आई, अनिश दिवसभर तुमच्याजवळ असतो. काय बोलला, काय खाल्लं, ते लिहून ठेवत जा. डॉक्टर मॅडमनी सांगितलं आहे." मॅडमसाठी मी सुट्या कागदावर लिहून देईन, वरणभात खाल्ला, पाणी मागितलं, असं. ही मात्र माझी. चौथीपर्यंत शिकली मी, अक्षरं चौथीतलीच निघतील. माझं मलेच वाचायचं आहे.

अनिश माझा नातू, माझ्या पियुषचा मुलगा. पाच पुरे होऊन सहावं लागलं. त्याच्या अंगात एक रस बनत नाही. तो रस अंगातला कचरा झाडते म्हणे. रस नाही तं कचरा साचून राहिला, पोटात, हाडात, गळ्यात. बिमारीले कोण्या इंग्रज साहेबाचं नाव आहे, माझ्या जिभेले वळत नाही. दर गुरुवारी धंतोलीच्या दवाखान्यात नेतो. तिथं नसेत सुई टाकून तोच रस देतात, थेंब थेंब. वर्ष झालं. पहिले पोट नगाऱ्यासारखं होतं, ते उतरलं. बोटं आखडली होती, ती सुटून राहिली. औषध लागलं, यात वाद नाही.

ही बिमारी आईकडून मुलाले येते, असं मॅडमनं सांगितलं. त्याच दिवशी घरी येऊन मी वंदनाले म्हटलं, "आमच्या घरी असं काही नव्हतं बाप्पा." पियुष माझ्यावर ओरडला. ओरडो. खरं ते खरं.

एक गोष्ट मी मॅडमच्या कागदावर लिहिली नाही. दिवाळीत अनिश म्हणे, "आजी, चहात बिस्कुट बुडव." आता म्हणते, "आजी, बिस्कुट."

१३ मार्च

आज उत्तरा मॅडमले विचारलंच. डॉक्टर असून वरणासारखी शांत बाई आहे, म्हणून विचारता येते.

"मॅडम, हा रस पोटात गेला, गुडघ्यात गेला. मग डोक्यात काहून जाऊन नाही राहिला?"

तिनं खुर्ची जवळ घेतली. "आजी, रक्त मेंदूतही जातं. पण तिथल्या रक्तनळ्यांच्या भिंती फार घट्ट असतात. साखर आत जाते, प्राणवायू जातो. हे औषध म्हणजे प्रथिन आहे, मोठं. त्याला ती भिंत आत घेत नाही."

"प्रथिन म्हणजे दाळीत राहते तेच का?"

"त्याच जातीचं. आता गंमत बघा. मेंदूला लोखंड लागतं. ते वाहून आणणारं पण एक मोठं प्रथिनच आहे. त्याच्यासाठी भिंतीत खास दारं आहेत. ओळखीचं प्रथिन आलं की दार त्याला धरतं, आत ओढतं. तर आता असं औषध निघतंय, ज्याला एक दांडा जोडलाय. तो दांडा त्याच दाराला धरतो. दाराला वाटतं, आपला रोजचाच माणूस."

मी म्हटलं, "हे तं कामठीचंच झालं."

माझा बाप कामठीच्या छावणीत दूध घाले. फाटकावर शिपाई बंदूक घेऊन उभा. आमदाराचा भाऊ आला तरी पास विचारे. पण बापाची सायकल आली, कॅन वाजले, की वरसुद्धा न पाहता दांडी वर करे. मी मागं कॅरिअरवर बसून राहो. मले कोणीच कधी विचारलं नाही तू कोण. दुधासंगं मीबी आत.

मॅडम हसली. "अगदी हेच. फक्त एक आहे आजी. दाराला फार घट्ट धरलं तर औषध दारातच अडकतं, तिथेच जिरून जातं. हलकं धरावं लागतं, तरच आत सुटतं."

हेबी मले ठाऊक आहे. आत गेल्यावर मी भेवानं बापाचा सदरा सोडत नव्हती. तो म्हणे, "सोड न वं पोरी, इथंच बसतं का जन्मभर?"

औषध कधी येईन विचारलं तं मॅडम म्हणाली, "सुरू आहे काम." सरकारी ऑफिसात अस्संच म्हणतात.

२ एप्रिल

पुढच्या गुरुवारी अनिशची परीक्षा. मिनल मॅडम घेणार. ही लेकरांचं डोकं मोजते. चित्रं दाखवते, ठोकळे मांडायले लावते. पावसाळा सरता सरता एकदा घेतली होती. अनिश माझ्याबिगर बसत नाही म्हणून मले खोलीत बसू दिलं होतं, तिच्या पाठीमागं, भिंतीजवळ. तवा त्यानं बरीच बरोबर सांगितली. पुस्तक तेच राहते, चित्रं तीच.

आता नाही सांगणार तो. मले माहीत आहे.

कशासाठी परीक्षा ते मी विचारलं नाही. परीक्षा कशासाठी राहते, एवढं मले समजते. पियुष बालवाडीच्या मुलाखतीत भोकाड पसरून रडला, लाल रंगाले लाल म्हटलं नाही, अन् जागा शेजारच्या शेंबड्या पोट्ट्याले मिळाली. त्या नव्या औषधासाठीबी जागा मोजक्याच असतीन. हुशार लेकराले पहिले घेतीन. येड्याले कोण घेते?

म्हणून मी सुरू केलं आहे. मी नाकातल्या चमकीले हात लावला की म्हणायचं गाय. कानाची पाळी ओढली की कुत्रा. डोक्यावर पदर घेतला की छत्री. ओठाले बोट लावलं की चमचा. बरोबर सांगितलं की बिस्कुटाचा तुकडा. अजून दोन-चार खुणा आहेत. पोरगं भल्लं पटकन शिकलं. गायीचं चित्र पाहून काही म्हणत नाही. माझं नाक पाहून म्हणते.

१० एप्रिल

पास!

मिनल मॅडमची पाठ माझ्याकडं. अनिश तिच्या खांद्यावरून मले पाहून राहिला. गाय, कुत्रा, छत्री, चमचा, घोडा, एकामागं एक. ठोकळ्यात थोडा घसरला, पण चित्रांत एक नाही चुकला. मॅडम म्हणाली, "वा रे अनिश! आजी, मागच्या वेळेसारखंच आहे. कमी नाही झालं काही."

वंदना ऑफिसातून पळत आली होती. ऐकलं अन् तिथंच अनिशचं तोंड दोन्ही हातांत धरून बसली. घरी आल्यावर म्हणते, "पण आई, घरी तर हा काहीच सांगत नाही."

मी म्हटलं, "घरी ऐकायले तुले वेळ कुठं आहे वं?"

पियुषनं बालूशाही आणली. दोन खाल्ल्या मी.

४ मे

ऊन असं की छतावरची टाकी हात लावू देत नाही. अनिश कूलरसमोर बसते अन् जाळीत तोंड घालून "आऽऽ" करते. आवाज थरथरून परत येते, त्याले तेवढंच हसू येते. दुसरं कायनंच येत नाही.

काल फाटक उघडं राहिलं अन् हा नंदनवनच्या चौकापर्यंत गेला, अनवाणी, डांबरावरून. भाजीवाल्यानं धरून आणला. पायाले फोड आले तरी रडला नाही. मी भाजीवाल्यालेच झापलं, की हात इतका आवळून काहून धरला. मग त्याले बसवून ताक पाजलं.

माझ्या लुगड्याचा पदर चावून चावून चाळणी केली.

"बिस्कुट" गेलं. आता "बि" म्हणते. "आजी" आहे अजून.

१९ जून

सुई लागली होती, अनिश निजला होता. उत्तरा मॅडमनं पियुषले अन् वंदनाले खोलीत बोलावलं. मीबी गेली. मले कोणी बोलावलं नव्हतं.

ती म्हणाली, दांडा जोडलेलं ते औषध आता लेकरांना देऊन पाहणार आहेत. दुसऱ्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. जागा मोजक्या. माझ्या छातीत कॅन वाजले.

मग म्हणाली, "पण ते फक्त अशाच मुलांना घेणार, ज्यांच्या मेंदूवर आजार उतरतोय. ते औषध मेंदूसाठीच आहे ना. अनिशच्या रक्तावरून तसं नक्की सांगता येत नाही. आणि त्याच्या दोन्ही चाचण्या सारख्या आल्या. कागदावर त्याचा आजार शरीरापुरताच दिसतो. त्यामुळे तो यात बसत नाही."

पियुष म्हणाला, "म्हणजे चांगलंच आहे न मॅडम? डोकं शाबूत आहे."

"चांगलंच." मॅडमनं पेन खाली ठेवलं. "घरी काही वेगळं दिसतं का तुम्हाला?"

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं.

ऑटोत पियुष सगळ्या रस्त्यानं बोलत राहिला, की याले पुढच्या वर्षी शाळेत टाकू, साधी टाकू, पण टाकू. अनिश त्याच्या मांडीवर बसून त्याच्या शर्टाचं बटन चोखत होता. मी तोंड उघडलं नाही. मी अन् तोंड बंद, असं लग्नातबी झालं नव्हतं.

जागा हुशार लेकरासाठी नव्हतीच.

२६ जून

सांगून टाकलं.

अनिशले सुई लागली अन् मी तडक मॅडमच्या खोलीत. मिनल मॅडमबी होती, चहा पिऊन राहिली होती. बरं झालं, दोनदा सांगायचं वाचलं. मी म्हटलं, "ती परीक्षा अनिशनं दिली नाही. मी दिली." अन् नाकाले, कानाले हात लावून सगळं करून दाखवलं.

मिनल मॅडमनं कप खाली ठेवला. "आजी, मला वाटलं तुम्हाला सर्दी झाली आहे!"

कोणालेच हसू आलं नाही.

"का केलं असं?" उत्तरा मॅडमनं विचारलं.

"जागा भेटावी म्हणून."

मग ती डॉक्टरसारखी बोलली. "लगेच परत चाचणी घेता येत नाही. चित्रं लक्षात राहिलेली असतात, निकाल खोटा येतो. मधे काही महिने जाऊ द्यावे लागतात. मी त्यांना कळवते, जागा धरून ठेवा म्हणून. ठेवतील का, माहीत नाही."

मी म्हटलं, "त्याच्या काय लक्षात राहते मॅडम? आजच घ्या." ती म्हणाली, नियम आहे.

घरी सांगितलं. पियुषनं जेवतं ताट सरकवलं, गाडी काढली अन् गेला. वंदनानं माझ्यासमोर भाकर वाढली, मीठसुद्धा विसरली नाही. बोलली असती तं बरं होतं. येत नसन तं मी शिकवलं असतं कसं बोलायचं ते.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. सकाळी इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायले गेली. या वयात गर्दीत मरायले जाऊ नका, म्हणून शेजारची यमुताई म्हणाली. तिले म्हटलं, तुझं वय घरी बसवून ठेव, माझं घेऊन जाते मी. काळी मारबत गेली, पिवळी गेली. लोक ओरडून राहिले, डेंगू घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत! मीबी ओरडली. पण बिमारीच्या त्या इंग्रज साहेबाचं नाव काही आलं नाही तोंडात. "अनिशची बिमारी घेऊन जा" म्हटलं. आता तिले एवढ्या गर्दीत अनिश कोण, हे कसं समजणार? मग पुरा पत्ता सांगितला. नंदनवन, पाण्याच्या टाकीमागं. बाजूचा पोट्टा हसला. हसो.

संध्याकाळी मैदानात लेकरं आपापले लाकडी नंदी घेऊन आली. मागच्या वर्षी अनिश दोरी ओढत सगळ्यांना सांगत होता, "माझा नंदी! पाह्य माझा नंदी!" या वर्षी दोरी हातात दिली तं सोडून दिली. मग नंदी उचलला अन् शिंग चावत बसला.

यमुताई खाऊ वाटत होती. "नाव सांग बेटा, मग देते."

"दे न वं चूपचाप," मी म्हटलं. "तू काय शिरगणती घेऊन राहिली?"

खाऊ दिला. पोरगं कागदासकट खायले लागलं.

वंदना कामापुरती बोलते आता. दवाखान्यातून बोलावणं आलं, ९ ऑक्टोबर. जागा अजून आहे.

९ ऑक्टोबर

मले बाहेर बसवलं. बरोबर केलं.

दार लोटलेलं. मिनल मॅडमचा आवाज येत होता, "हे काय आहे अनिश? बघ, हे काय?" त्याचा नाही. मग ठोकळे पडल्याचा आवाज. मग परत तिचाच. मी पदर डोक्यावर घेतला होता, ऊन लागे म्हणून. लक्षात आलं तसा खाली घेतला.

बाहेर आली तवा मिनल मॅडमचे डोळे लाल होते. म्हणाली, "आजी, तो सारखा माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. भिंतीकडे. मी वळून पाहिलं, तिथे कोणीच नव्हतं."

उत्तरा मॅडमनं दुपारून सांगितलं. त्या लोकांची खालचीबी एक हद्द आहे. लेकरू त्याच्या खाली गेलं, की औषधानं फरक पडला का नाही, हे मोजता येत नाही. म्हणून घेत नाहीत. अनिश खाली गेला.

पियुषनं काही विचारायले तोंड उघडलं. मले माहीत आहे काय विचारणार होता. एप्रिलात खरं खरं मोजलं असतं तं? वंदनानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं विचारलं नाही. मॅडमनं सांगितलं नाही.

ती म्हणाली, कधीतरी ते औषध सगळ्यांसाठी येईल, तेव्हा देता येईल.

येईन. पण कामठीत कधी कधी पलटण हलून जाये. बापाले कोणी सांगे नाही. फाटक उघडे, सायकल आत जाये, अन् बराकी रिकाम्या. खाटासुद्धा नाही. बाप भरलेले कॅन तसेच घेऊन परत ये. मी मागं बसलेली, अन् दूध गुडगुड करे.

१२ ऑक्टोबर

वंदना दाळ निवडून राहिली होती. मी समोर लसूण सोलत होती. मधात अनिश, त्याले रिकामा डबा अन् चमचा दिला होता वाजवायले. वाजवून नाही राहिला, पाहून राहिला नुसता.

वंदना वर न पाहता म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये एक फॉर्म मी पण भरला होता. घरी काय काय करतो त्याचा."

"मग?"

"चप्पल स्वतः घालतो का? हो. दोन शब्दांचं वाक्य बोलतो का? हो. सगळीकडे हो लिहिलं मी."

"खोटं काहून लिहिलं वं?"

"'नाही' लिहायला हात धजला नाही."

मी लसणाकडं पाहिलं. खरंच लिहिलं होतं का मले बरं वाटावं म्हणून म्हणत होती, ते मी विचारलं नाही. लिहिलं असन तरी चित्रं मीच सांगितली. म्हटलं, "दाळीत खडा राहिला पाह्य, नीट निवड."

खडा नव्हता. तिनं तरी शोधला.

मग उठून तिनं चहा मांडला. माझ्यासाठी अन् तिच्यासाठी, एकाच भांड्यात. जूनपासून तिनं तिचा वेगळा केला होता, कमी साखरेचा म्हणून. अनिशले बिस्कुट बुडवून मी दिलं नाही. तिनं दिलं.

२० नोव्हेंबर

गुरुवार. आजबी सुई. पोट सपाट आहे, बोटं माझ्याहून सरळ, केसाले चमक आली. नर्स म्हणाली, किती छान दिसतो तुमचा नातू! दिसते खरा.

"आजी" गेलं. कोणत्या दिवशी गेलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मॅडमच्या कागदावर रोज लिहीत होती, तरी.

थेंब पडत होते. मी खाटेवर त्याच्याजवळ बसली होती, डोळा लागत होता. नाकाले काही लागलं म्हणून डोळे उघडले. अनिशनं माझ्या चमकीवर बोट ठेवलं होतं अन् माझ्या तोंडाकडं पाहून राहिला होता.

मले आधी समजलंच नाही. बोट ढकललं मी, नाक दुखते बाप्पा म्हणून. त्यानं परत ठेवलं.

मग मी म्हटलं, "गाय."

त्यानं बोट काढलं. सुईचा हात सांभाळून दुसऱ्या हातानं माझ्या कानाची पाळी ओढली. अन् थांबला.

"कुत्रा."

माझा पदर ओढून माझ्या डोक्यावर टाकला. अर्धाच आला, तोंडावर पडला.

"छत्री," मी पदराआडून म्हटलं.

मग पदर बाजूले करून माझ्या ओठावर बोट ठेवलं. ते बोट तिथं होतं तोवर बोलता येत नव्हतं, अन् तो बोट काढत नव्हता. मी वाट पाहिली. त्यानं काढलं.

"चमचा."

वंदना दारात उभी होती. कधीची, माहीत नाही. तिनं पिशवीतून बिस्कुटाचा पुडा काढला, एक मोडलं अन् तुकडा अनिशच्या हातात दिला. त्यानं तो खाल्ला नाही. माझ्या तोंडाजवळ आणला.

एकही चुकली नव्हती मी.